सेल्फ खोलून आणण्यापूर्वी कृपया हे वाचावे

चावी फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे लागले, पण इंजिन काही फिरले नाही, अशी तक्रार घेऊन आमच्या कार्यशाळेत येणारे अनेक ग्राहक गाडी घरीच ठेवून खोललेला सेल्फ (इंजिन सुरू करण्यासाठी ते फिरवणारी मोटर) तेवढा पिशवीत घालून आणतात. आम्ही तो व्हाइसमध्ये पकडून थेट बॅटरीला जोडतो आणि पुष्कळदा तो पहिल्याच झटक्यात फिरू लागतो. मग सेल्फपर्यंत करंट का पोहोचत नव्हता, हा मूळ प्रश्न तसाच राहतो आणि त्याचे उत्तर देऊ शकणारी गाडी आमच्यासमोर नसते.

‘मीटर लावून पाहिला, सेल्फच्या टर्मिनलवर पुरते 12 व्होल्ट येत आहेत, म्हणजे सेल्फच गेला आहे,’ असे आम्हाला नेहमी सांगितले जाते. मापन बरोबर असते, मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. सेल्फ इंजिन फिरवताना पेट्रोल गाडीतही साधारण शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो आणि डिझेल गाडीत त्याहून अधिक, तर डिजिटल मीटर अँपिअरचा दशलक्षांश भाग इतकाच प्रवाह घेतो. आतून कुजलेल्या केबलची एखादी तार शाबूत असली, तरी मीटरला ती पुरेशी वाटते आणि तो 12 व्होल्ट दाखवतो. त्याच केबलमध्ये 0.02 ओहम इतका किरकोळ रोध असला आणि 150 अँपिअर वाहू लागले, तर 3 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. म्हणून चावी न फिरवता घेतलेले माप सेल्फच्या बाबतीत आम्ही ग्राह्य धरत नाही.

योग्य माप चावी ‘स्टार्ट’वर धरूनच घ्यावे लागते. त्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये, स्वयंचलित गिअर असल्यास पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चावी धरायला दुसरी व्यक्ती बसलेली असावी. मीटरची एक सुई बॅटरीच्या धन खुंटावर आणि दुसरी सेल्फच्या जाड टर्मिनलवर ठेवावी. सुई पट्ट्यावर (खुंटावर आवळलेल्या केबलच्या पकडीवर) नव्हे, तर शिशाच्या खुंटावरच टेकली पाहिजे, कारण अनेकदा दोष पट्टा आणि खुंट यांच्यामधल्या पांढऱ्या-हिरव्या थरातच असतो. सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) ओढला जाऊन प्रवाह वाहत असताना या दोन बिंदूंमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर केबल किंवा तिचा एखादा जोड खराब आहे. हीच कृती बॅटरीचा ऋण खुंट आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये करावी, तेथे 0.3 व्होल्टच्या वर गेल्यास अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या ऋण खुंटाकडे जाणारी परतीची जोडणी, संशयास्पद समजावे. अर्थिंगकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. वास्तविक सेल्फने घेतलेला सगळा करंट त्याच वाटेने परततो. सोबत बॅटरीच्या दोन खुंटांमधील व्होल्टेजही पाहावे. न वापरता ठेवलेली, पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन फिरवताना ते 9.6 च्या खाली घसरत असेल, तर आधी बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी.

आवाजावरूनही बरेच कळते. चावी फिरवल्यावर टिक इतकाही आवाज नसेल, तर सोलेनॉइडच्या बारीक वायरला करंट मिळत नसण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी फ्यूज, रिले, चावीचा स्विच, क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच आणि इमोबिलायझर (चोरीपासून बचावासाठी गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) यांच्याकडे पाहावे. ठळक असा एकच ‘टक्’ आवाज येऊन सेल्फ थांबत असेल, तर दोष जाड केबलमध्ये, सोलेनॉइडच्या आतील तांब्याच्या संपर्कांत किंवा कार्बन ब्रशमध्ये असू शकतो. सलग कट-कट-कट आवाज बहुधा बॅटरी उतरल्याचा किंवा टर्मिनल सैल असल्याचा असतो.

सेल्फ खोलल्याने आणखी एक नुकसान होते, आणि ते आम्हाला सर्वांत जास्त छळते. नट सोडताना व पुन्हा आवळताना जोड आपोआप घासला जातो, गाडी चार दिवस चालू होते आणि दुरुस्ती झाली असे वाटते. गंज पुन्हा चढला की तीच तक्रार परत येते. एका ग्राहकाने याच कारणाने तीन वेळा सेल्फ उतरवला होता. गाडी मागवून आम्ही अर्थिंगच्या केबलचे रबर टोकाशी कापले, तेव्हा आतील तारांचा हिरवा भुगा हातात आला. बाहेरून ती केबल नवी दिसत होती.

म्हणूनच शक्य असेल तेथे आम्ही गाडीसह येण्याचा आग्रह धरतो आणि तपासणीचे शुल्क वेगळे घेतो. काहींना ते अनाठायी वाटते, परंतु टेबलवर मोकळा फिरणारा सेल्फ इंजिनाच्या भाराखालीही तसाच फिरेल, याची हमी आम्ही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे व्होल्टेजचे आकडे आम्ही बिलावर लिहून देतो. केबल बदलायची झाल्यास मूळ जाडीचीच घेतो आणि तिचे लग (टोकाचे धातूचे जोड) हातोडीने न ठोकता प्रेसवर दाबून बसवतो.

तरीही सेल्फ उतरवायचाच असेल, तर प्रथम बॅटरीचा ऋण पट्टा काढावा. सेल्फची जाड वायर चावी बंद असतानाही जिवंत असते आणि पाना बॉडीला टेकल्यास मोठी ठिणगी उडते. स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडची टर्मिनल्स जोडून पाहू नयेत. गिअरमध्ये असलेली गाडी त्याने अचानक पुढे सरकू शकते. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि पुढच्या प्रयत्नापूर्वी अर्धा मिनिट तरी थांबावे.

आम्हाला फोन करताना कोणता आवाज आला, चावी फिरवल्यावर आतील दिवा तसाच राहिला, मंद झाला की विझला, आणि हे गाडी थंड असताना घडते की तापल्यावर, एवढे सांगितले, तर कोणते सुटे भाग तयार ठेवायचे हे गाडी येण्याआधीच आम्हाला ठरवता येते.