थ्री प्लस म्हणजे काय?

मावशीच्या स्तनातल्या गाठीच्या रिपोर्टात लिहिलं होतं, 'हर-टू थ्री प्लस'. तिचा पहिला प्रश्न, "प्लस म्हणजे चांगलं का वाईट रे?" सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात तिचा संसार झालेला. मग मागाच्याच भाषेत सांगायला बसलो.

पेशीच्या आवरणात रिसेप्टर नावाची प्रथिनं रोवलेली असतात. डोकं बाहेर, शेपूट आत. वाढीचा निरोप आणणारं प्रथिन, म्हणजे ग्रोथ फॅक्टर, बाहेरून चिकटलं की दोन रिसेप्टर जोडी जमवतात आणि एकमेकांच्या शेपटीला फॉस्फेट लावतात. हा फॉस्फेट एटीपीकडून, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून घेतलेला. तो लागला, की मागाचं हँडल पडलं, माग सुरू. रास नावाचं प्रथिन जागं होतं, ते राफला उठवतं. राफ मेकला आणि मेक अर्कला पुन्हा फॉस्फेटच लावतं. अर्क केंद्रकात शिरतं आणि पेशी दुभंगायच्या तयारीला लागते. फॉस्फेट काढून हँडल बंद करणारी एन्झाइमंही पेशीत असतात.

शेपटीवर फॉस्फेट लागतो तो टायरोसीन या अमिनो आम्लाला. टायरोसीनलाही फॉस्फेट लागतो, हे कळलं 1979 मध्ये, कॅलिफोर्नियात, टोनी हंटर या शास्त्रज्ञांना. तोवर सेरीन आणि थ्रिओनीन या दोन अमिनो आम्लांचीच माहिती होती. ही अमिनो आम्लं वेगवेगळ्या ठिपक्यांत वेगळी करताना हंटर यांनी ताजं बफर, म्हणजे ठरावीक आम्लतेचं द्रावण, न बनवता जुनंच वापरलं. त्याची आम्लता थोडी बदललेली होती, म्हणून एरवी थ्रिओनीनच्या ठिपक्यात मिसळून जाणारा टायरोसीनचा ठिपका वेगळा उमटला. आळसाचं इतकं गोड फळ विज्ञानात क्वचितच मिळालं असेल.

हर-टू हा असाच रिसेप्टर, पण त्याचा स्वतःचा ग्रोथ फॅक्टर सापडलेला नाही. तो भावंडांशी, म्हणजे त्याच्याच कुटुंबातल्या रिसेप्टरांशी, जोडी जमवतो. मावशीसारख्या गाठीत त्याच्या जनुकाच्या प्रती बेसुमार वाढतात, आवरणावर रिसेप्टरांची दाटी होते आणि निरोप नसतानाही जोड्या जमतात. थ्री प्लस म्हणजे तपासणीत पेशींच्या कडा गडद तपकिरी दिसल्या.

"म्हणजे ऑर्डर नाही तरी माग चालूच!" मावशी म्हणाली.

तिला सुईतून मिळणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध 1998 पासून वापरात आहे. ते रिसेप्टरला बाहेरून धरतं. लॅपॅटिनिबसारखी गोळी पेशीच्या आत जाऊन रिसेप्टरच्या शेपटीकडची एटीपीचीच जागा अडवते. पण हृदयाच्या स्नायूंनाही हर-टूची गरज असते. म्हणून सुया चालू असेपर्यंत मावशीला अधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागतो, आणि रांगेत बसून ती शेजारच्या बाईला मागाचं हँडल समजावते.