एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचा अर्ज: कोण करू शकतो, मुदत किती, कागद कोणते

दिवाणी दाव्यात समन्स लागू होऊनही प्रतिवादी तारखेला हजर झाला नाही, तर कोर्ट दावा त्याच्याविरुद्ध एकतर्फी चालवण्याचा आदेश करू शकते. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधला आदेश 9, नियम 6 तो हाच. वादी यात आपोआप जिंकत नाही, पुरावा देऊन दावा शाबीत करावाच लागतो. पण उलटतपासाला समोर कोणीच नसल्यावर निकाल कुठे झुकतो, हे सांगायला वकील लागत नाही.

आधी दावा कुठल्या टप्प्यावर आहे ते पाहा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर 16 अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याला मिळणारा ओळख क्रमांक) किंवा पक्षकाराचे नाव टाकले की तारखा आणि आदेश दिसतात. नुसता एकतर्फी आदेश झाला असेल आणि हुकूमनामा, म्हणजे दाव्याच्या निकालाचा औपचारिक आदेश, व्हायचा असेल, तर काम सोपे आहे. नियम 7 खाली अर्ज द्यायचा, आधीच्या गैरहजेरीचे योग्य कारण सांगायचे. कोर्ट बहुधा थोडाफार खर्च बसवून कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, दाखल करू देते. हा अर्ज नामंजूर झाला तरी पुढच्या कामकाजात भाग घेण्याचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1955 सालीच सांगून ठेवले आहे. मात्र युक्तिवाद संपून दावा निकालासाठी ठेवला की नियम 7 चा दरवाजा बंद होतो.

हुकूमनामा झाल्यावर

इथे नियम 13 लागतो. अर्ज ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला त्या प्रतिवादीने, त्याच कोर्टात करायचा. कारणे दोनच चालतात: समन्सची रीतसर बजावणी झाली नव्हती, किंवा पुरेशा कारणामुळे सुनावणीला हजर राहता आले नाही.

पहिले कारण घ्यायचे असेल तर अर्ज लिहायच्या आधी नक्कल विभागातून बेलिफाच्या (समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याच्या) अहवालाची नक्कल काढा. सगळा अर्ज त्या एका कागदावर उभा राहतो किंवा पडतो. ‘घेण्यास नकार’ असा शेरा असेल तर कायदा बजावणी झाली असेच धरून चालतो. ते खोटे आहे हे तुम्हाला दाखवावे लागेल. समन्स घरातल्या सज्ञान माणसाकडे दिले असेल तर चालू शकते, पण नोकर त्यात धरला जात नाही. समन्स दाराला चिकटवले असेल, तर कधी आणि कोणत्या परिस्थितीत चिकटवले, घर कोणी ओळखून दाखवले, कोणासमोर चिकटवले, हे अहवालात हवे. गावाकडच्या वाटपाच्या दाव्यांत हमखास दिसणारा प्रकार म्हणजे लग्न होऊन पुण्या-मुंबईला गेलेल्या बहिणीचा पत्ता माहेरचा टाकलेला असतो, समन्स तिथेच चिकटते आणि तिला दावा कळतो तो थेट तलाठ्याकडच्या फेरफाराच्या नोटिशीतून. अशा वेळी त्या काळातले आधार कार्ड, भाडेकरार, वीजबिल हेच खरे पुरावे. पण बजावणीत नुसती अनियमितता असून भागत नाही. तारीख तुम्हाला माहीत होती आणि यायला वेळही होता, असे कोर्टाला दिसले तर हुकूमनामा रद्द होत नाही.

दुसऱ्या कारणासाठी कागद बोलले पाहिजेत: डिस्चार्ज कार्ड, जवळच्या माणसाचा मृत्यूचा दाखला, परदेशात असल्यास पासपोर्टवरचे शिक्के. आजारपणाचा मागाहून आणलेला एक ओळीचा दाखला फार टिकत नाही. ‘वकिलाने कळवलेच नाही’ हे कारण इतके वापरून झाले आहे की, वकिलाला केलेले मेसेज किंवा पत्र जोडल्याशिवाय ते न घेतलेले बरे.

मुदत 30 दिवस, हुकूमनाम्याच्या तारखेपासून. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून. वर्तमानपत्रात छापून केलेली पर्यायी बजावणी या मुदतीच्या हिशेबासाठी रीतसर बजावणी धरत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसते. हुकूमनामा कधी आणि कशावरून कळला ते अर्जात तारखेसह लिहा. उशीर झाला असेल तर मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंब माफीचा वेगळा अर्ज जोडा.

अर्जासोबत शपथपत्र, न्यायनिर्णय आणि हुकूमनाम्याच्या नकला, बजावणीचे कागद, कारणाचे पुरावे, वकीलपत्र आणि कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तयार कैफियतही सोबत द्यावी. सक्ती नाही, पण माणूस दावा लढवायला आला आहे, वेळ काढायला नाही, हे त्यातून दिसते. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा वादीचा अर्ज, दाखल झाली असेल तर स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी द्या, कारण नुसत्या नियम 13 च्या अर्जाने जप्ती किंवा ताबा थांबत नाही.

वादीला नोटीस काढल्याशिवाय हुकूमनामा रद्द करता येत नाही. तो म्हणणे देतो, गरज पडल्यास दोन्हीकडचा पुरावा होतो. अर्ज मंजूर झाला तर दावा पुन्हा चालतो. खर्च किंवा काही रक्कम कोर्टात भरण्याची अट लागू शकते. नामंजूर झाला तर आदेश 43 खाली अपील आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96(2) खाली हुकूमनाम्यावर थेट अपीलही करता येते. दोन्ही एकाच वेळी दाखल करायला हरकत नाही, पण अपिलाचा निकाल आधी लागला तर नियम 13 चा अर्ज चालत नाही. अपील मागे घेतले असेल तरच तो टिकतो. गैरहजेरीचे कारण शाबीत करायचे असेल तर जोर अर्जावरच ठेवावा.

दिवाणी कोर्टाबाहेर नियम वेगळे आहेत. पोटगीचा एकतर्फी आदेश (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 145) रद्द करायला आदेशापासून तीन महिने मिळतात. जिल्हा ग्राहक आयोगाला तर स्वतःचा एकतर्फी आदेश रद्द करण्याचा अधिकारच नाही. तिथे 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करावे लागते आणि पैसे देण्याचा आदेश असेल तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते.