कोरा: एका नावाखाली दडलेल्या शेकडो जाती

कोरा हे एक लायकेन, म्हणजे बुरशी आणि प्रकाशातून अन्न बनवणारे सायनोबॅक्टेरिया यांची एकत्र राहणारी जोडी. कोलंबिया-इक्वेडोरच्या ढगाळ डोंगररानात ते मातीवर, शेवाळावर, फांद्यांवर कुठेही दिसतं. ओलं असताना निळसर-राखाडी अर्धगोल पाकळ्या, त्यावर एकात एक वळणाऱ्या रेघा, काठ फिकट, आणि पाकळी उलटी केली की खाली पांढरट चट्टे, बीजाणू तिथेच तयार होतात. मसाल्यातल्या दगडफुलाची बुरशी वेगळ्या कुळीतली, कोराची मात्र अळंबीच्या गोतावळ्यातली, म्हणून अभ्यासकांना याचं आधीपासूनच अप्रूप.

कोरा हे प्रजातीचं (जवळच्या अनेक जातींच्या गटाचं, म्हणजे genus चं) नाव १८२५ चं. खरा गोंधळ सुरू झाला तो १८९३ ला. ब्राझीलमधे काम करणाऱ्या एका जर्मन अभ्यासकाला कोराच्या पाकळीतून डिक्टिओनेमासारखे (ही तंतूंसारखी वाढणारी दुसरी लायकेन प्रजाती) तंतू फुटताना दिसले आणि त्याने मांडलं की ही दोन्ही एकाच बुरशीची रूपं, परिस्थितीप्रमाणे बदलणारी. निरीक्षण बारकाईचं होतं, पण निष्कर्ष चुकला, आणि पुढची शंभर वर्षं तोच डोक्यावर बसला. १९७८ च्या एका मोठ्या आढाव्यात कोरा डिक्टिओनेमात विलीन केलं गेलं, पाकळ्यांचं जे जे दिसेल ते एकाच जातीत टाकलं गेलं. मधे त्या जातीचं नाव बदललं, चूक तशीच राहिली. मला वाटतं यात हर्बेरियमचाही (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाचाही) दोष आहे, कारण वाळवल्यावर रंग उडतो, पृष्ठभागाचा पोत जातो आणि सगळे नमुने सारखेच राखाडी कागद वाटायला लागतात, मग फरक करणार कशावरून.

डीएनए आल्यावर चित्रच पालटलं. कोरा पुन्हा स्वतंत्र प्रजाती ठरली, तिच्यातला सायनोबॅक्टेरिया इतके दिवस सायटोनेमा नावाचा समजला जायचा, तोही रायझोनेमा नावाचा वेगळाच निघाला. २०१४ ला ३५६ नमुने तपासले तर त्यात किमान १२६ जाती निघाल्या, आणि एकूण आकडा साडेचारशेपर्यंत जाईल असा अंदाज मांडला गेला! पाठोपाठ सत्तर नवीन जातींना एकदमच नावं दिली गेली. यातल्या बऱ्याच जाती छोट्या टापूपुरत्या आहेत, काही फक्त गॅलापागोसवर.

मला हाच भाग सगळ्यात गंभीर वाटतो. मेक्सिकोपासून चिलीपर्यंत पसरलेली एकच जात म्हटल्यावर एखाद्या डोंगरावरचं रान तुटलं तरी कुणाला काळजी वाटणार नव्हती. फ्लोरिडातल्या एका जातीचं वर्णन २०२० ला झालं, तेही जुन्या वाळलेल्या नमुन्यांवरून, म्हणजे नाव मिळेपर्यंत ती कदाचित संपलेलीही असेल.