पार्श्वभूमी : ‘ट्वेल्व्ह ट्राइब्ज’ आणि एका निष्कलंक पिढीची वाट

पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पोंगा वाजला की आमच्या म्हापशातल्या वाड्यावर दारं उघडतात. ‘ट्वेल्व्ह ट्राइब्ज’ या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतींत माणसं जागी होतात ती शोफरच्या आवाजानं, म्हणजे मेंढ्याचं शिंग फुंकल्यावर. मग लहानथोर सगळे सभेला जमतात. गिटार-व्हायोलिनवर फेर धरून नाच होतो, प्रार्थना होते. संध्याकाळी पुन्हा तेच.

समाईक मालकीचं गोव्यात कुणाला नवल नाही. आपली गांवकारी, म्हणजे गावच्या जमिनीची समाईक मालकी, पोर्तुगीज येण्याआधीची. 1526 च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीजांच्या सनदेत, तिचे रीतिरिवाज नोंदले गेले, आणि आजही कोमुनिदादीचा (गांवकारीचं पोर्तुगीज नाव) झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, वाटला जातो. पण जमीन गावाची असली तरी चूल ज्याची त्याची, लेकरंही ज्याची त्याची. ‘ट्वेल्व्ह ट्राइब्ज’मध्ये हा भेदच मिटतो, आणि माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ तिथं आहे.

सुरुवात 1972 ची, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरातली. हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यावर हिप्पी उतरत होते तोच काळ. घर सोडलेली, ड्रग्जनं पोखरलेली ती पिढी तिकडेही रस्त्यावर होती. जीन स्प्रिग्ज आणि त्याची पत्नी मार्शा यांनी अशा तरुणांना आपल्या घरात जागा दिली. 1973 मध्ये त्यांनी ‘यलो डेली’ नावाचं खाणावळवजा हॉटेल काढलं. पंथवाले स्वतः सांगतात ती हकीकत अशी : 1975 मध्ये एका रविवारी ते चर्चला गेले, तर अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल या अंतिम सामन्यासाठी उपासनाच रद्द केलेली. तिथून त्यांनी प्रस्थापित चर्चशी नातं तोडलं. गावानं ‘कल्ट’ म्हणून बोटं दाखवायला सुरुवात केली तेव्हा मंडळी उत्तरेला व्हरमाँटमधल्या आयलंड पाँड या छोट्या गावात गेली.

आत येणारा आपलं सगळं समुदायाला देऊन टाकतो. पगार नाही, हॉटेलात, शेतावर, कारखान्यात राबायचं. नवं हिब्रू नाव मिळतं, स्प्रिग्ज स्वतः ‘योनेक’ झाला. पुरुषांना दाढी आणि मागे बांधलेले केस, बायकांना सभेत डोक्यावर वस्त्र. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस. येशूला ते ‘याहशुआ’ म्हणतात. आधार बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा : पहिले ख्रिस्ती सगळं समाईक ठेवत होते. एकट्या पडलेल्या माणसाला तिथं गरम जेवण, काम आणि हाक मारणारं कुणीतरी मिळतं. ही ओढ खोटी नाही, आणि ती समजून घेतल्याशिवाय माणसं आत का जातात ते कळणार नाही.

पण या पंथाच्या मते जगाचा अंत आपोआप येणार नाही. बायबलातल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातले 1,44,000 निष्कलंक पुरुष याच वसाहतींत जन्मून, पिढ्यानपिढ्या शुद्ध होत तयार झाले की मगच याहशुआ परतेल, अशी त्यांची शिकवण. म्हणजे साऱ्या भविष्याचा भार मुलांवर. म्हणून टीव्ही नाही, बाजारातली खेळणी नाहीत, लुटुपुटीचे कल्पनेचे खेळही नकोत. शिक्षण घरीच, कॉलेज नाही. आणि पहिल्या हाकेला ऐकलं नाही तर छडी. बारीक, लवलवणारी, वेतासारखी. मुलांना असं मारणं पंथ लपवत नाही. बायबलातल्या नीतिसूत्रांचा दाखला देऊन त्याला प्रेम म्हणतो. दुसऱ्याच्या मुलालाही कुणी मोठं माणूस मारू शकतं, असं बाहेर पडलेल्यांनी सांगितलं आहे. आपल्याकडे गोवा बाल कायद्यानं 2003 मध्ये शाळेतली छडी बंद केली. आधीच्या पिढीतल्या आपल्यापैकी अनेकांना तिचा वळ आठवत असेल. तो वळ धर्माच्या नावानं, घरातल्याच माणसाच्या हातून, रोज उठू शकतो, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

22 जून 1984 च्या पहाटे व्हरमाँटच्या पोलिसांनी आयलंड पाँडवर छापा घालून 112 मुलं ताब्यात घेतली. एकेका मुलाविषयी वेगळा पुरावा सरकारकडे नव्हता. न्यायाधीशांनी मुलांना सरकारच्या ताब्यात ठेवायला नकार दिला आणि ती त्याच दिवशी परतली. पंथ त्या दिवसाला सुटकेचा दिवस मानतो. चांगल्या हेतूनं पण कच्च्या तयारीनं घातलेल्या त्या छाप्यानं मुलांचं भलं झालं नाही, उलट वसाहतीची भिंत आणखी उंच झाली, असं मला वाटतं.

जर्मनीत मात्र वेगळं घडलं. तिथं 2000 पासून घरातही मुलांना मारणं कायद्यानं मना आहे. एका पत्रकारानं बव्हेरियातल्या क्लोस्टरत्सिमर्नच्या वसाहतीत छुपे कॅमेरे लावून छडीचे प्रसंग टिपले. सप्टेंबर 2013 मध्ये तिथल्या वसाहतींतून सुमारे 40 मुलं काढून घेण्यात आली. पालक युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले; 2018 मध्ये न्यायालयानं एकमतानं त्यांच्या विरोधात निकाल दिला. तोवर पंथानं बव्हेरिया सोडून चेक प्रजासत्ताकाची वाट धरली होती.

स्प्रिग्ज 2021 मध्ये वारला. चॅटनूगात ‘यलो डेली’ पुन्हा चालू आहे आणि वसाहती अनेक देशांत आहेत. आयलंड पाँडची ती 112 मुलं आज चाळिशी ओलांडलेली आहेत. त्यांतली काही पंथातच मोठी होऊन पंथाच्या बाजूनं बोलली, काही बाहेर पडली आणि लहानपणी खाल्लेल्या माराबद्दल आपल्या नावानिशी बोलू लागली.