गॅमाचा नॅनोटेस्ला झाला तेव्हा

2 सप्टेंबर 1859 रोजी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेतला चुंबक असा हलला की तो दिवस आजही अभ्यासला जातो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक काही वेळातच सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला म्हणजे टेस्ला या चुंबकीय एककाचा अब्जावा भाग) खाली आला. तासाची सरासरी घेतली तर घसरण बरीच कमी दिसते, आणि त्यावर अभ्यासकांत वाद आहे. पण त्या वादाच्या आधीचा एक मुद्दा सहज निसटतो. त्या दिवशी नोंदवहीत नॅनोटेस्ला लिहिलेच नव्हते. टेस्ला हे एकक आले 1960 मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी. मग हा आकडा आला कुठून?

कुलाब्याच्या जुन्या नोंदी ब्रिटिश एककांत आहेत : फूट, ग्रेन, सेकंद. ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम, फूट म्हणजे 30.48 सेंटिमीटर. क्षेत्राच्या एककात वस्तुमान भागिले लांबी याचे वर्गमूळ येते, म्हणून एक ब्रिटिश एकक म्हणजे 0.046108 सीजीएस (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीचे) एकक. त्याच काळात जर्मनीत मिलिमीटर-मिलिग्रॅम-सेकंद ही पद्धत चालत होती, तिचे एकक 0.1 सीजीएस एवढे. कुलाब्याचा क्षितिजसमांतर घटक त्या ब्रिटिश एककांत आठाच्या आसपास असे. समजा, रकान्यात 8.05 आहे. 0.046108 ने गुणा, 0.3712 मिळेल. एका सीजीएस एककाचे एक लाख भाग केले की प्रत्येक भाग एक गॅमा. म्हणजे 37,117 गॅमा. आजच्या तक्त्यात हाच आकडा 37,117 नॅनोटेस्ला म्हणून छापला जातो.

गुणाकार इथे संपतो. पण शेवटच्या पायरीवर, गॅमाचा नॅनोटेस्ला होताना, आकडा हललासुद्धा नाही आणि तरीही मोजलेली राशी बदलली. ती कशी, हे समजायला जर्मन गणितज्ञ गॉस याचे नाव दिलेल्या एककाचा घोळ पाहावा लागतो.

1900 च्या पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत ‘गॉस’ हे नाव चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेला, म्हणजे एचला, दिले गेले. अमेरिकी प्रतिनिधी परतले ते मात्र गॉस म्हणजे प्रवाह-घनता, म्हणजे बी, अशा समजुतीने. त्यांच्याकडे काही वर्षे आधीपासूनच गॉस त्या अर्थाने रूढ होत होता, आणि ‘ओर्स्टेड’ हे नाव तर तिथे चुंबकीय रोधाला, म्हणजे चुंबकीय प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याला, सुचवलेले होते. त्यामुळे तीस वर्षे एकच शब्द अटलांटिकच्या दोन काठांवर दोन राशींसाठी चालला. हवेत काही बिघडत नव्हते, कारण सीजीएसमध्ये हवेत बी आणि एच यांचे आकडे जवळपास सारखेच येतात. लोखंडात शिरले की बिघडत होते. 1930 मध्ये स्कॅन्डिनेव्हियात भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या बैठकीत बी आणि एच या मुळात वेगळ्या राशी आहेत असे ठरले. बीला गॉस, एचला ओर्स्टेड. या निर्णयाला विरोध झाला. अनेक भौतिकशास्त्रज्ञांना हा भेद कृत्रिम वाटत होता आणि काहींना तो शेवटपर्यंत पटला नाही.

आता पृथ्वीच्या क्षेत्राकडे या. गॅमा म्हणजे परंपरेने एचचे एकक, ओर्स्टेडचा एक लाखावा भाग. नियमाला धरून एसआयमध्ये, म्हणजे आजच्या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत, न्यायचे तर ओर्स्टेडला 79.577 ने गुणायचे आणि उत्तर अँपिअर प्रति मीटरमध्ये लिहायचे. आपल्या 0.3712 चे होतात 29.54. म्हणजे जगभरच्या वेधशाळांची प्रत्येक वही, प्रत्येक नकाशा पुन्हा मोजायचा. 1973 मध्ये क्योटोला भूचुंबकत्वाच्या अभ्यासकांनी वेगळी वाट काढली : यापुढे पृथ्वीचे क्षेत्र बी म्हणून, टेस्लामध्ये सांगायचे. हवेतला बी घेतला की एक गॅमा बरोबर एक नॅनोटेस्ला होतो. लाखो आकडे जागच्या जागी राहिले, फक्त मथळा बदलला.

मला हा निर्णय योग्य वाटतो. तो झाला नसता तर दशांशचिन्हांच्या चुकांनी दीडशे वर्षांची मालिका नासली असती. पण त्याची किंमतही आहे. रकान्याच्या डोक्यावर अजूनही ‘एच’ लिहितात. तिथे ते अक्षर ‘हॉरिझॉन्टल’, म्हणजे ‘क्षितिजसमांतर’, यासाठी आहे, तीव्रतेसाठी नाही. विद्यार्थी ते अक्षर बघून 79.577 ने गुणतो, आणि चूक त्याची नसते.

खडकांच्या नमुन्यांत असा सुटकेचा मार्ग नाही. चुंबकीय ग्रहणशीलतेला (बाहेरच्या क्षेत्रात पदार्थ किती चुंबकित होतो याच्या मापाला) सीजीएसमध्येही मिती नाही आणि एसआयमध्येही नाही, तरी दोन्हींत 4π (चार गुणिले पाय) पटींचा, म्हणजे 12.57 पटींचा, फरक आहे. दख्खनच्या बेसॉल्टचा नमुना जुन्या तक्त्यात 0.003 असेल, तर आज तो 0.038 होतो. पुढे एकक नसल्याने कुठला आकडा कुठल्या पद्धतीचा हे नुसते पाहून कळत नाही. बाजारात तर सीजीएस आजही जिवंत आहे : निओडिमियम चुंबकावरचे एन-42 म्हणजे चुंबकाच्या ऊर्जेचे माप 42 मेगागॉस-ओर्स्टेड, अर्थात घनमीटरला सुमारे 334 किलोज्यूल.

कुलाब्याची मालिका पुढे अलिबागला गेली. मुंबईत विजेवरची ट्राम येणार होती आणि तिच्या प्रवाहाने मोजमापे बिघडली असती. 1904 मध्ये समुद्रापलीकडे, सुमारे 30 किलोमीटरवर, नवी वेधशाळा उभी राहिली. आपला काळा पाषाण स्वतःच चुंबकीय, म्हणून बांधकामाला पोरबंदरचा दगड आणला. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापे घेतली गेली, कारण दोन जागांचे क्षेत्र मुळातच थोडे वेगळे आहे. कुलाब्याचा जुना आकडा 4,610.8 ने गुणून नॅनोटेस्लात आणला, तरी तो अलिबागच्या आकड्याला जोडण्याआधी त्या दोन वर्षांतून निघालेला फरक धरावाच लागतो.