बॅटचं तेल आणि भाकरीवरची चटणी

माझ्या भाच्याने नवी बॅट आणली, तेव्हा दुकानदाराने सोबत तेलाची छोटी बाटली दिली होती. बॅटला पाजायचं तेल. त्याने बाटलीवरचं नाव वाचलं आणि मला विचारलं, "मावशी, अळशी म्हणजे आजी चटणी करते तो जवसच ना? मग आई रोज सकाळी चमचाभर तेल पिते, ते हेच?"

बी एकच आहे, हे त्याने बरोबर ओळखलं. कुणी अळशी म्हणतं, आमच्या विदर्भात जवस म्हणतात, संस्कृतात अतसी. लिनियसने या झाडाला दिलेल्या शास्त्रीय नावातल्या दुसऱ्या शब्दाचा, 'युसिटाटिसिमम'चा, अर्थच 'अतिशय उपयोगाचं' असा आहे. पण बॅटची बाटली आणि त्याच्या आईची बाटली यांत फरक आहे, आणि तेल व बी यांत तर त्याहून मोठा. घरगुती उपाय म्हणून जवस घेणाऱ्यांची गल्लत बहुतेकदा इथेच होते.

आधी तेल. शेंगदाण्याचं तेल ओट्यावर सांडलं तर महिनाभरानेही ते तेलकटच राहतं. जवसाच्या तेलाचा थेंब काचेवर पातळ पसरवून ठेवा. काही दिवसांनी त्यावर दुधावर धरते तशी साय धरलेली दिसेल आणि पुढे तिचा चिवट पापुद्रा होईल. पाणी वाळतं तसं हे वाळणं नाही, कारण तेलाची वाफ होत नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंततात. म्हणूनच चित्रकारांचे तैलरंग, खिडकीच्या काचा बसवायची लांबी (पुट्टी), जमिनीवर अंथरायचं लिनोलियम आणि बॅटचं लाकूड, सगळीकडे हेच तेल लागतं.

हे घडतं अल्फा-लिनोलेनिक आम्लामुळे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा या एकाच मेदाम्लाचा असतो. अठरा कार्बनची साखळी आणि तिच्यात तीन दुहेरी बंध. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल धरलेला असतो, प्राणवायू नेमका तिथे घाव घालतो आणि मग एकामागून एक रेणू बिघडत जातात. आपल्याकडे जवसातलं 'ओमेगा-३' म्हणून ज्याचं कौतुक होतं, ते हेच आम्ल. औषधी गुण आणि लवकर खवट होण्याचा दोष, दोन्ही त्याच तीन बंधांतून येतात.

या क्रियेत उष्णताही निर्माण होते. १९९१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ३८ मजली इमारतीला आग लागली. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी तिथे पडून होती, ती आपोआप तापली आणि पेटली. आग विझवताना तीन अग्निशमन जवानांचा जीव गेला. म्हणून भाच्याला पहिली सूचना ही, की बॅट पुसलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकायचं नाही, पाण्यात भिजवून मोकळं वाळत घालायचं. दुसरी सूचना, ती बाटली स्वयंपाकघरात आणायची नाही. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या 'डबल बॉइल्ड' तेलात लवकर वाळावं म्हणून कोबाल्ट, मँगेनीज अशा धातूंचे क्षार मिसळलेले असू शकतात. नाव तेच असलं तरी ते पोटात जाता कामा नये.

आता बहिणीची बाटली. तिचं तेल खाण्याचंच होतं, घाण्यावरून आणलेलं, पण पारदर्शक बाटलीत, गॅसच्या शेगडीशेजारी. प्रकाश, उष्णता आणि हवा, तिन्ही मिळाल्यावर ते किती दिवस टिकणार? खाण्याचं जवसाचं तेल गडद बाटलीत, थोडं थोडं आणावं, फ्रीजमध्ये ठेवावं आणि फोडलेली बाटली महिना-दीड महिन्यात संपवावी. त्यात तळण करू नये. त्याचा धूर फार कमी तापमानाला, साधारण १०७ अंश सेल्सिअसलाच निघू लागतो. भाकरीवर, वरणावर, कोशिंबिरीवर वरून कच्चं घ्यावं. आणि चमचाभर म्हणजे लहान चमचाच. मोठ्या माणसाला दिवसाला १.१ ते १.६ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल पुरेसं मानतात. तेलाच्या एका लहान चमच्यात ते दोन ग्रॅमच्या वर असतं.

माझं मत मात्र असं, की बहुतेक घरांत तेलाची गरजच नाही.

घाण्यात जवस पिळला की तेल एका बाजूला येतं आणि ढेप दुसऱ्या बाजूला. बियांतला सगळा तंतू (फायबर), सगळी प्रथिनं आणि लिग्नन नावाची जवळपास सगळी वनस्पतिजन्य संयुगं त्या ढेपेत जातात. ढेप गाई-म्हशी खातात. म्हणजे तेल पिणारा माणूस जवसाचा एकच गुण घेतो आणि बाकीचे गोठ्यात पाठवतो. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत हे स्पष्ट दिसलं आहे. २००९ मध्ये २८ चाचण्यांचे आकडे एकत्र करून तपासले, तेव्हा तेल न काढलेल्या बियांनी वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरलं, तेलाने उतरलं नाही.

बियांतला तंतू काय करतो ते बघायचं असेल, तर वाटीत लहान चमचाभर जवस घ्या आणि त्यावर अर्धी वाटी कोमट पाणी ओता. पहिली पाच मिनिटं काही होत नाही. मग प्रत्येक दाण्याभोवती एक अंधुक कडा दिसू लागते. अर्ध्या तासाने बोट बुडवा, पाणी बुळबुळीत झालेलं असतं आणि बोट वर काढताना त्याची तार निघते. सब्जा फुगतो त्याच जातीचा हा प्रकार आहे. दाण्याच्या सालीतला हा चिकट पदार्थ आतड्यात पाणी धरून ठेवतो, मळ मऊ आणि मोठा होतो आणि आतड्याला पुढे ढकलायला सोपं जातं. नेहमीच्या बद्धकोष्ठावरचा हा उपाय युरोपच्या औषध नियामक संस्थेनेही मान्य केलेला आहे, आणि जवसाच्या सगळ्या घरगुती उपयोगांत सर्वांत भक्कम पायावर उभा आहे तो हाच. अट एकच. प्रत्येक चमच्यामागे निदान ग्लासभर पाणी प्यायलाच हवं. पाणी न पिता जवस खाल्ला तर तोच चिकटा आतड्यात गोळा होऊन बसू शकतो. ज्यांना आतडं अरुंद झाल्याचं किंवा गिळायला त्रास होत असल्याचं निदान झालं आहे, त्यांनी हा उपाय करूच नये.

दळणं का महत्त्वाचं, तेही त्या वाटीतच कळतं. रात्रभर भिजलेला दाणा सकाळी तसाच गुळगुळीत आणि अखंड असतो. तो न चावता गिळला तर बराचसा तसाच बाहेर पडतो. सालीचा चिकटा पोटाला मिळतो, आतलं तेल मिळत नाही. कॅनडात एका अभ्यासात लोकांना अख्खा जवस, दळलेला जवस आणि तेल वेगवेगळं देऊन रक्त तपासलं. अख्ख्या दाण्यांनी रक्तातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल फारसं वाढलं नाही, दळलेल्याने वाढलं. दळलेल्या जवसाचा एक मोठा चमचा म्हणजे साधारण सात ग्रॅम. त्यातून दीड ग्रॅमच्या आसपास हे आम्ल मिळतं, म्हणजे दिवसाची भरपाई झालीच, शिवाय दोन ग्रॅमच्या आसपास तंतू.

आता ज्या दाव्यांवर लोक खरी भिस्त ठेवतात त्यांकडे येते.

रक्तदाबाबद्दल चांगली बातमी आहे. कॅनडातल्या विनिपेग शहरातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एका चाचणीचे निष्कर्ष छापले. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले ११० रुग्ण त्यात होते. निम्म्यांना रोज ३० ग्रॅम दळलेला जवस पाव-बिस्किटांसारख्या पदार्थांतून दिला, बाकीच्यांना तसेच दिसणारे पण जवस नसलेले पदार्थ. सहा महिन्यांनी जवसवाल्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० अंकांनी आणि खालचा सुमारे ७ अंकांनी कमी निघाला. हे मोठं यश आहे, पण ते नेहमीच्या औषधांच्या जोडीने मिळालेलं. आणि पुढे वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सरासरी घट दोन-तीन अंकांचीच भरली. म्हणून जवस सुरू केला की गोळी बंद, असं कुणीही करू नये. गोळी चालू ठेवून जवस खा, घरी रक्तदाब मोजून लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, त्यावरही जवस सुचवतात. कारण ऐकायला पटतं. जवसातले लिग्नन आतड्यातल्या जिवाणूंमुळे इस्ट्रोजेनशी मिळत्याजुळत्या रेणूंमध्ये बदलतात, आणि लिग्ननच्या बाबतीत जवसाइतकं समृद्ध धान्य दुसरं नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००७ मध्ये थोड्याच स्त्रियांना रोज ४० ग्रॅम कुटलेला जवस दिला. सहा आठवड्यांत त्यांचा त्रास निम्म्यावर आला. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणून २०११ मध्ये १८८ स्त्रियांची चाचणी झाली, निम्म्यांना जवसाची वडी, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी बिनजवसाची. दोन्ही गटांत साधारण एकतृतीयांश स्त्रियांचा त्रास निम्म्याने कमी झाला. म्हणजे आराम खरा होता, पण तो जवसामुळे नव्हता. 'मला गुण आला' म्हणणारी बाई खोटं बोलत नसते. तिला आराम पडलेलाच असतो, फक्त तो कशाने पडला हे एकट्याच्या अनुभवावरून ठरवता येत नाही.

आणि कर्करोग. जर्मनीतल्या जोहाना बुडविग यांनी १९५० च्या दशकात जवसाचं तेल आणि चक्क्यासारखं मऊ चीज यांचा आहार कर्करोगावर सुचवला. तोच संदेश आज मराठीत व्हॉट्सअॅपवर फिरतो. या आहाराने माणसातला कर्करोग बरा होतो असं दाखवणारी एकही नीट चाचणी नाही. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना मी कळकळीने सांगते, जवस जेवणात राहू द्या, पण त्याच्या भरवशावर शस्त्रक्रियेची किंवा केमोची तारीख पुढे ढकलू नका.

ओमेगा-३ बद्दलही एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बांगडा, तारली या माशांतून मिळणारी ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं वेगळी. जवसातल्या आम्लापासून शरीर ती तयार करतं, पण फार थोडी. ईपीए शेकड्यात काही अंश, डीएचए तर एक टक्क्याहूनही कमी. मासे न खाणाऱ्याला जवस उपयोगी आहेच, पण चमचाभर जवस म्हणजे बांगडा नव्हे.

फोडावर बांधायचं अळशीचं पोटीस अजूनही काही घरांत करतात. दळलेली अळशी गरम पाण्यात शिजवून फडक्यात बांधली की चिकट्यामुळे ऊब बराच वेळ टिकते. काम करते ती मुख्यतः ऊब. लहान मुलांच्या कातडीला ती भाजू शकते, म्हणून आधी आपल्या मनगटावर लावून बघावं.

राहिला भाजण्याचा प्रश्न. कच्च्या जवसात सायनाइड सुटू शकेल अशी संयुगं असतात, साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्यातही तशीच असतात. कच्चा जवस दळून ओला केला की त्यातलं विकर (एन्झाइम) ती फोडतं. थोड्या प्रमाणात ती निरुपद्रवी करण्याची सोय शरीरात आहे, पण स्वीडनची अन्न संस्था कच्चा दळलेला जवस खाऊच नका असं सांगते. भाजल्याने ते विकर निकामी होतं आणि सायनाइडचं प्रमाण घटतं. मग भाजताना ओमेगा-३ जळून जात नाही का? बियांतलं तेल बाटलीतल्या तेलासारखं उघडं नसतं. दळलेला जवस सुमारे १७८ अंशांवर भट्टीत ठेवून पाहिला, तरी त्यातलं आम्ल फारसं घटलं नाही. आमच्या आयांनी जवस कच्चा कधी दिलाच नाही, तो भाजून, कुटून, भाकरीबरोबर दिला.

पूर्व विदर्भात धान कापणीला येण्याआधी ओल्या बांधीतच, म्हणजे भातखाचरातच, जवस फेकतात, त्याला उतेरा म्हणतात. उरलेल्या ओलीवर पीक येतं. सकाळी अख्खी बांधी निळी दिसते आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. त्या शेतातून आलेला जवस आई लोखंडी कढईत, मंद आचेवर भाजते. दाणे तडतडून उड्या मारायला लागले की झाकण, तडतड थंडावली की खाली. गार झाल्यावर सुक्या मिरच्या, लसूण, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटते. मिक्सरमध्ये करायचं तर थांबत थांबत फिरवावं, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. दिवसाला एक, फार तर दोन मोठे चमचे. सुरुवात एका लहान चमच्याने करावी, नाहीतर पोट फुगतं. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना आधी विचारावं. कोणतंही औषध आणि जवस यांत तासाभराचं अंतर ठेवावं, कारण चिकटा औषधही धरून ठेवतो.

चटणी एका वेळी आठवड्यापुरतीच करावी, कारण कुटलेल्या जवसाला हवा लागली की तेच तीन बंध कामाला लागतात. डबा उघडल्यावर खमंग वास यायला हवा. रंगाच्या दुकानासारखा वास आला, तर ती टाकून द्यावी आणि मूठभर जवस पुन्हा भाजायला घ्यावा.