गोल बटण फिरलं, हे फोनला कसं कळलं?

कोथरूडच्या आमच्या घरी रोज संध्याकाळी बाबा भीमसेनजींची जुनी रेकॉर्डिंग्ज लावतात. टीव्ही, सीडी प्लेअर, मोबाइल, सगळ्यांचा आवाज एकाच रिसीव्हरमधून स्पीकरला जातो. रिमोटवरची बारीक अक्षरं त्यांना आता दिसत नाहीत, म्हणून फोनवर चार ठसठशीत बटणं करून द्यायचं मी ठरवलं.

हे जमतं, कारण हल्लीचे बरेच रिसीव्हर घरच्या वायफायवर असतात आणि साध्या अक्षरांतल्या आज्ञा ऐकतात. डेनॉन कंपनीच्या रिसीव्हरला 'पीडब्ल्यूओएन' ही चार अक्षरं आणि शेवटी ओळ संपल्याची खूण पाठवली की तो चालू होतो. 'एमव्ही५०' पाठवलं की आवाज ५० वर येतो. 'एमव्ही५०५' म्हणजे मात्र पाचशे पाच नव्हे, साडेपन्नास!

अडचण आज्ञांची नव्हती, वाट पाहण्याची होती. उत्तर यायला २०० मिलिसेकंद लागू शकतात. चालू केल्यावर पुढची आज्ञा देण्याआधी एखादा सेकंद थांबावं लागतं. आपल्याला हे काहीच वाटत नाही, पण सेकंदाला १ अब्ज ठोके मोजणाऱ्या प्रोसेसरचे २०० मिलिसेकंदांत २० कोटी ठोके होतात. माझा पहिला प्रोग्राम उत्तर येईपर्यंत खिळून बसायचा. बाबा आवाजाचं बटण दाबायचे, काही होत नाही असं पाहून पुन्हा दोनदा दाबायचे, आणि मग साठलेल्या आज्ञा एकदम जाऊन आवाज अंगावर यायचा.

यावरचा उपाय पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आहे. 'असिंकआयओ' ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, २०१४ मध्ये ३.४ आवृत्तीबरोबर आली आणि पुढच्याच वर्षी 'असिंक' व 'अवेट' हे शब्द थेट भाषेत दाखल झाले. त्यांचं काम मला आईच्या ओट्याशी समजलं. ती कुकर लावते, दुसऱ्या शेगडीवर दूध ठेवते आणि कणीक तिंबायला घेते. कुकरसमोर ती उभी राहत नाही. शिट्टी झाली की वळते. 'अवेट' म्हणजे 'माझं इथे अडलंय, तोवर दुसऱ्याचं उरका'. आणि कुणाची शिट्टी झाली याकडे कान ठेवणारा तो इव्हेंट लूप. कुकर यानं लवकर होत नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. रिसीव्हरही तेवढाच वेळ घेतो. फक्त तेवढ्या वेळात बाकीची कामं अडून राहत नाहीत.

तव्यावर पोळी असली की मात्र आईला मध्येच सोडून दुधाकडे जाता येत नाही. इथेही तसंच आहे: चालू काम स्वतःहून 'अवेट'शी येऊन थांबेल तेव्हाच दुसऱ्याला वाव मिळतो. रिसीव्हर चालू केल्यावरच्या त्या एका सेकंदासाठी मी 'टाइम.स्लीप' ही थांबण्याची नेहमीची आज्ञा वापरली होती, आणि त्या सेकंदात सगळंच ठप्प व्हायचं. तिथे 'अवेट असिंकआयओ.स्लीप' लिहिलं आणि अडथळा गेला.

मला खरी मौज वाटते ती पुढच्या भागाची. रिसीव्हर विचारल्याशिवायही बोलतो. कुणी त्याचं गोल बटण हातानं फिरवलं, तर तो आपणहून नवा आकडा कळवतो. म्हणून एक काम फक्त ऐकण्यासाठी ठेवायचं. तेही जपून, कारण जाळ्यावरून मजकूर अख्ख्या ओळीनंच येईल याची हमी नसते. 'एमव्ही' एका तुकड्यात आणि '४८' पुढच्या तुकड्यात येऊ शकतं. ओळ संपल्याची खूण दिसेपर्यंत तुकडे जोडत राहायचं, मगच अर्थ लावायचा.

काल बाबांनी फोन टीपॉयवर ठेवला आणि सवयीनं उठून रिसीव्हरचं बटणच फिरवलं. फोनवरचा आकडा ४८ वरून ४८.५, मग ४९ असा त्यांच्या बोटांबरोबर सरकत होता. त्यांनी तो वळून पाहिला, आणि बटण पुन्हा हळूच मागे फिरवून पाहिलं.